ऑरमवालीची ओटी

लाच! बुरोंडीच्या गंगुबाईच्या घराला कुणी हा शब्द लावील, असं वाटलं होतं का कुणाला? चौतीस वर्षं ही बाई दापोलीच्या बाजारात मासळी घेऊन बसते आहे. एवढ्या वर्षांत तिनं बर्फातली सुरमई ताजी म्हणून कुणाच्या गळ्यात मारलेली नाही. गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं असायचं आणि ही आपल्याच तोंडानं सांगायची, "कालची हाय गो, तळून खा, कालवणाला नेऊ नको." शेजारच्या बायका कपाळाला हात लावायच्या. अशा बाईची सून म्हणे कंपनीनं विकत घेतली, आणि तीही एका टॅबसाठी!

"वाच," गंगुबाई म्हणाली. "आणखी काय काय लिवलानी ते वाच."

"जाऊ द्या ना, आई."

"जाऊ द्या काय? घरावर आलंय, न् जाऊ द्या? वाच म्हटलं तर वाच!"

वेदिकानं फोन हातात घेतला आणि खाली मान घालून वाचायला लागली. पेड रिव्ह्यू. विकली गेलेली बाई. वहिनी, किती टॅब मिळाले? पिक्सन कंपनीवर एवढा राग का, त्यांनी ओटी भरून घेतली नाही म्हणून का? पुढचं एक वाक्य तिनं गाळलं. गंगुबाईला ते कळलं, पण ते तिनं विचारलं नाही.

वेदिका तिची थोरली सून. थोरला मुलगा संदेश व्यापारी जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यातच. सून दापोलीत कॉम्प्युटर शिकलेली, घरात नुसतं बसवेना, म्हणून तिनं मोबाईल नि टॅब तपासून त्यांचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. नुसती बडबड नव्हती हां. मासळीच्या ओल्या हातानं स्क्रीन चालतो का, जेटीवरच्या भर दुपारच्या उन्हात अक्षर दिसतं का, बोटीवर आठ दिवस ठेवला तर त्याचं काय होतं, हे ती करून दाखवायची. एसीत बसलेल्या माणसानं दिलेले दहापैकी नऊ मार्क आपल्या काय कामाचे? पार खाली अंजनवेलपर्यंतची माणसं फोन घ्यायच्या आधी वेदिकाला विचारायची. गंगुबाईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सून वाईटाला वाईट म्हणते एवढं तिला कळत होतं, आणि त्याचा तिला केवढा तोरा होता!

यंदा गावच्या मच्छीमार सोसायटीनं ठरवलं, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून बोटी पाण्यात जातील तेव्हा चाळीसही बोटींवर एकेक टॅब द्यायचा. हवामानाचा इशारा, समुद्राचा नकाशा, सगळं त्याच्यात. निवड दोघांतली होती, एक ऑरम आणि एक पिक्सन. चेअरमन महिपतभाऊंनी वेदिकाला घरी येऊन सांगितलं, "सूनबाई, दोन्ही तपास. तू म्हणशील तो घेऊ." मे महिन्यात तिनं दोन्ही टॅब आठ दिवस ओमकारच्या बोटीवर ठेवले. ओमकार म्हणजे तिचा धाकटा दीर, स्वतःच्या बोटीचा तांडेल. मग तिनं व्हिडिओ टाकला आणि सांगितलं, ऑरम बरा.

झालं, पेटलं! गावातच नव्हे, त्या व्हिडिओखाली कुठली कुठली माणसं येऊन भांडायला लागली. एक ऑरमवाले, एक पिक्सनवाले. माणसं पालखीच्या मानावरून भांडली तर एकवेळ समजू शकतं. इथं ज्यांनी दोन्ही टॅब हातात धरलेले नाहीत, ती कार्टी एकमेकांची आईबहीण काढत होती. कंपन्यांना यांची नावंसुद्धा माहीत नाहीत, आणि हे कंपन्यांसाठी जीव द्यायला निघाले! तरी तेवढ्यावर राहिलं असतं. पण दापोलीत पिक्सनची एजन्सी चालवणाऱ्या नितेशला कुठून तरी तो फोटो मिळाला.

फोटो खरा होता, हेच तर दुखणं. ऑरम कंपनीकडून टॅब घेऊन सानिका नावाची मुलगी आली होती. सावर्ड्याची, नुकतं लग्न झालेली, एवढ्या उन्हातून दोन एस्ट्या बदलून आलेली. पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण. तिला काय तशीच पाठवायची? गंगुबाईनं तिला जेवायला घातलं, पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि तांदूळ, नारळ, खण घालून तिची ओटी भरली. वर सोड्यांची, सुकवलेल्या कोलंबीची, पुडी दिली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनंच हौसेनं तो फोटो स्टेटसला ठेवला, "बुरोंडीच्या माझ्या आई." मागे टेबलावर टॅबचा खोका दिसत होता. नितेशनं तोच फोटो उचलला, खोक्याभोवती लाल गोल काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "घरोबा बघा. याला तपासणी म्हणायचं का, हे सोसायटीनं ठरवावं."

"मला सांग," गंगुबाई सुनेवरच ओरडली, "लाच देणारा देतो का घेणारा? नारळ मी दिला, खण मी दिला, जेवायला मी घातलं. ती पोरगी मला काय देऊन गेली? मग लाच कुणी कुणाला दिली? एवढी अक्कल न्हाय मेल्याला?"

वेदिकानं फोन पालथा ठेवला. ती हल्ली बोलतच नव्हती. गंगुबाईला वाटलं, पोर घाबरली. नाही तर काय, सगळा गाव तोंड टाकतोय. सोसायटीची सभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तिथं नितेश येणार, फोटो दाखवणार, आणि आपल्या घराचा शब्द सगळ्यांदेखत मातीत घालणार. नवरा गेल्यापासून सोसायटीत त्याच्या जागी गंगुबाईचं नाव होतं, पण सभेला ती कधी गेली नव्हती. "उद्या मी जाणार," ती म्हणाली. "तू पण चल. मान वर करून चल. आपण काय चोरी केलेली न्हाय."

सभा भरली तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा ढीग पडला होता. नितेश इस्त्रीचा शर्ट घालून पुढं बसला होता, वेदिका मागच्या रांगेत. त्याची आई बुरोंडीचीच, त्यामुळे तो गंगुबाईला मावशी म्हणायचा, आणि आजही म्हणाला. "मावशी, तुमच्यावर माझा काही राग नाही. माझं म्हणणं एवढंच, जिच्या घरी कंपनीच्या माणसांचं असं येणंजाणं, तिनं तपासलेलं गावानं का मानावं? पिक्सनकडून कोणी जेवायला आलं नाही, म्हणून पिक्सन वाईट?"

"तू आला असतास तर तुला पण वाढलं असतं!" गंगुबाई उभी राहिली. "तू टॅब पाठवलास पोराच्या हातून, दारातनं दिलान न् गेला. त्याला दोनदा बस म्हटलं. हात जोडू काय आता?"

मागं दोघं-चौघं हसले. नितेश पण हसला, आणि त्या हसण्यानं गंगुबाईचं डोकं आणखी तापलं.

"मावशी, जेवणाचं सोडा. मुद्दा असा आहे की..."

"मुद्दा मी दाखवते तुला. आण ते दोन्ही."

टेबलावर दोन्ही टॅब होतेच. गंगुबाईनं येताना डब्यातून चार बांगडे आणले होते, तेही मुद्दाम. बंदीच्या दिवसांत बांगडा कुठला, बर्फातला होता, आणि ते तिनं आधीच सांगून टाकलं. भर सभेत बांगडा हातात धरून तिनं त्याचं पोट फाडलं, घाण काढली, आणि त्याच बुळबुळीत बोटांनी पिक्सनचा स्क्रीन दाबला. पिक्सन येड्यासारखा करायला लागला. नकाशा दाबला तर कॅमेरा उघडला, कॅमेरा बंद करायला गेली तर कुणाला तरी फोन लागला. तो लागला नेमका सोसायटीच्या सेक्रेटरीलाच, आणि समोर बसल्या बसल्या त्याच्या खिशात वाजायला लागला. हॉल फुटला हसून. मग तिनं तीच बोटं ऑरमवर ठेवली. नकाशा उघडला, मोठा झाला, बंद झाला. मुकाट्यानं.

"दिसलं?" ती म्हणाली. "का यालापण मी जेवायला घातलं होतं?"

इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण अंगात आलेला राग थांबतो कुठला! नितेश बारीक आवाजात म्हणाला, "हे एक झालं. बाकीचं कशावरून खरं?" आणि गंगुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हॉलच्या कोपऱ्यात दर्यादेवाची तसबीर होती, पुढं नारळ ठेवलेला. ती तशीच, हात न धुता, तरातरा गेली, मग भान येऊन पदराला हात पुसले आणि नारळावर ठेवले.

"ऐका सगळ्यांनी. माझ्या सुनेनं त्या व्हिडिओत जे सांगितलं ते सगळं खरं हाय, न् जे म्हाईत होतं ते सगळं सांगितलंय. कुणाच्या तोंडाकडं बघून एक शब्द कमी न्हाय केलेला. हा माझा शब्द. आता बोला!"

कोण बोलणार? दर्यादेवापुढं नारळावर हात ठेवल्यावर बुरोंडीत कुणी वाद घालत नाही. महिपतभाऊंनी घसा साफ केला आणि विचारलं, "मग ऑरम?" चारी बाजूंनी "ऑरम, ऑरम" झालं. सेक्रेटरीनं ठराव लिहायला घेतला. कंपनीला द्यायचं पत्र टाईप होईपर्यंत सगळ्यांनी जेवून यावं, तीन वाजता सह्या होतील, असं ठरलं. चिमा, बाजारात गंगुबाईच्या शेजारी बसणारी, दारातच तिच्या गळ्यात पडली. "गंगू, तू म्हणजे ना! मेल्याचं तोंड बघितलंस?" गंगुबाईनं बघितलं होतं. छाती भरून आली होती तिची. फक्त वेदिका कुठं दिसेना. शपथ होताच ती घरी गेली होती.

घरी ओमकार पडवीत जाळं विणत बसला होता. सभेला गेला नव्हता, बोटीचं काम राहिलं होतं. आईनं चप्पल काढता काढताच सगळं सांगितलं, बांगड्यापासून नारळापर्यंत, आणि सांगताना पुन्हा एकदा नितेशचा उद्धार केला. ओमकार खूप हसला. मग सुई दातात धरून म्हणाला, "बरं झालं. पण त्या ऑरमचं चार्जिंगचं काय केलं त्यांनी? सुधारलान काय?"

"कसलं चार्जिंग?"

"अगो, ते न्हाय काय, पहाटे दमट हवा धरली की वायर घालूनपण चार्ज होत न्हाय. पाणी शिरलंय, वाळू द्या, असं लिहून येतं. दुपार होते सुरू व्हायला. आठ दिवसांत तीनदा झालं. मी वहिनीला सांगितलेलं. त्यांनी शूटिंगपण केलान. व्हिडिओत असेल ना?"

गंगुबाईनं तो व्हिडिओ निदान वीस वेळा बघितला होता. शेजारणींना बोलावून बोलावून दाखवला होता. त्यात असलं काही नव्हतं.

वेदिका स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवरचा भात करपायला लागला होता आणि तिचं लक्ष नव्हतं. गंगुबाईनं आधी गॅस बंद केला.

"खरं हाय हे?"

"हो."

"मग घातलं का न्हाय?"

"चाळीस सेकंदांचं होतं. मी काढलं." वेदिकाचा आवाज एवढासा झाला होता. "सानिका म्हणाली, कंपनी दुरुस्त करणार आहे. मला खरं वाटलं. म्हणजे, वाटवून घेतलं."

"त्या पोरीनं सांगितलान म्हणून तू काढलंस? कंपनीच्या माणसानं सांगितलं म्हणून?" गंगुबाई एवढ्या जोरात ओरडली की ओमकार पडवीतून उठून आत आला. "अगो, मग नितेश काय वेगळं बोलत होता? मी नारळावर हात ठेवून आले! सगळ्या गावासमोर! तू तिथं बसली होतीस! तोंड शिवलं होतं काय तुझं?"

"सानिका म्हणाली म्हणून नाही," वेदिका म्हणाली, आणि आता तिचाही आवाज चढला, पहिल्यांदा, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "तुम्ही म्हणालात म्हणून! तिची ओटी भरलीत. लेक म्हणालात. ती दर रविवारी तुम्हाला फोन करते, तुम्ही तिला सोडे पाठवता. मी व्हिडिओ जोडत बसले होते तेव्हा इथंच, या स्वयंपाकघरात, तुम्ही काय म्हणालात? 'पोरीचं नाव चांगलं घे गो, उन्हातनं आलेली.' म्हणालात की नाही? मग घरच्या लेकीच्या वस्तूला मी नाव कसं ठेवू? आणि आज सभेत सगळ्यांसमोर तुमचा हात मी नारळावरून कसा काढू? सांगा ना, कसा काढू?"

ओमकार म्हणाला, "वहिनी, हळू," पण दोघींनीही त्याच्याकडं बघितलं नाही.

गंगुबाईला आठवलं. म्हटलं होतं तिनं. भाकरी थापता थापता म्हटलं होतं, सहज, जसं कुणीही म्हणेल. तिला खोटं बोलायला सांगायचं नव्हतं. बाजारात ती सख्ख्या नणंदेलाही कालची मासळी आजची म्हणून देत नाही. पण नणंदेच्या पाटीतली मासळी कालची आहे, हे तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाला कधी सांगितलं होतं का? नव्हतं. तेव्हा तोंड फिरवून बसायची. त्याला ती आजवर माणुसकी म्हणत आली होती. तिला सुनेचा संताप आला, स्वतःचा आला, त्या दोन एस्ट्या बदलून आलेल्या गोड बोलणाऱ्या पोरीचा आला, आणि सगळ्यात जास्त नितेशचा आला, कारण तो मेला खरा ठरत होता. भांडं आपटावं असं वाटलं. आपटलंही तिनं, भाताचं झाकण, आणि ते गरगरत दारापर्यंत गेलं.

घड्याळात अडीच वाजले होते.

"आई, राहू दे," ओमकार म्हणाला. "ठराव झालाय. टॅब तसा वाईट न्हाय. दुपारी चार्ज होतो की."

"न् पहाटे वादळ आलं तर? बॅटरी संपलेली असली तर? तुला कोण सांगणार, मी बोंब मारू किनाऱ्यावरनं?" तिनं छत्री घेतली. "मी चालले."

"मी पण येते," वेदिका म्हणाली.

"ये न्हायतर नको येऊ. तुझं तू बघ."

चढाची वाट, पायाखाली लाल पाणी, आणि गंगुबाई एवढ्या झपाझप चालत होती की वेदिका मागं पडली. हॉलमध्ये लोक जेवून परत जमले होते. पत्र टाईप झालं होतं, महिपतभाऊ पेन उघडून बसले होते. नितेशही होता, कोपऱ्यात, फोनमध्ये तोंड घालून. गंगुबाई आत आली तशी चिमा सरकून तिला जागा करायला लागली. ती बसली नाही.

"सही करू नका," ती म्हणाली.

"का हो वैनी? काय झालं?" महिपतभाऊंनी विचारलं.

"मघाशी मी नारळावर हात ठेवून बोलले, ते खोटं निघालं." महिपतभाऊंनी पेन कागदावरून उचललं. "पहाटेच्या दमट हवेत ऑरम चार्जिंग घेत न्हाय. दुपार करतो. माझ्या ओमकारच्या बोटीवर तीनदा झालंय. माझ्या सुनेला म्हाईत होतं न् तिनं सांगितलं न्हाय. न् ते का न्हाय सांगितलं, तर मी तिला सांगितलं होतं, त्या पोरीचं नाव चांगलं घे म्हणून. मला आता, अर्ध्या तासापूर्वी कळलं."

नितेश ताडकन उठला. "बघा! मी काय म्हणत होतो? हेच म्हणत होतो मी!"

"होय," गंगुबाई त्याच्याकडं वळली. संतापच होता तिच्या आवाजात, पण कुणावरचा ते तिलाही सांगता आलं नसतं. "पैसे खाल्ले म्हणून लोकांना बोलायला लावलंस, ते खोटं. त्याबद्दल मी तुला कधी माफ करणार न्हाय. पण बाजू घेतली म्हणालास, ते खरं होतं."

भांडायची तयारी करून आलेल्या माणसाला दुसऱ्यानं खरं ठरवलं की त्याला बसायला जागा सापडत नाही. नितेश तसाच उभा राहिला.

तोवर वेदिका दारात पोचली होती, कमरेपर्यंत भिजलेली. तिनं सासूकडं न बघता, पुढं येऊन, फोनवरचे ते गाळलेले चाळीस सेकंद महिपतभाऊंसमोर धरले. "हे मी आज संध्याकाळी टाकणार आहे," ती म्हणाली. "मी काढलं होतं, तेही सांगणार आहे. आणि पिक्सनचं ओल्या हाताचं जे आहे ते आहेच, तेही तसंच राहणार."

"आता टाकून काय उपयोग?" मागून कुणीतरी म्हणालं. "नारळावर हात ठेवायचा कशाला मग?" आणखी एकजण म्हणाला. आवाज हळूहळू वाढत गेला. कुणी ऑरमला शिव्या देत होतं, कुणी पिक्सनला, कुणी दोघांना, आणि गंगुबाईला तोंडावर कुणी काही म्हणत नव्हतं, पण तिच्याकडं बघतही नव्हतं. चिमासुद्धा नाही. तिला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. कसलं उतरतंय!

महिपतभाऊंनी पेनाला टोपण लावलं. चांगला माणूस, पण वैतागला होता. "म्हणजे हा पण न्हाय, तो पण न्हाय. पंधरा दिवसांनी बोटी पाण्यात जायच्यात. पोरं जायचीत. वैनी, तुमीच सांगा, आता आमी कुणाच्या शब्दावर घ्यायचं?"

सगळा हॉल तिच्याकडं बघायला लागला. तिच्या शेजारी सून उभी होती, समोर नितेश.

"माझ्या न्हाय," गंगुबाई म्हणाली, आणि जागा मिळाली तिथं बसली.